त्र्याहत्तरावा गज

१

वसतिगृहाची इमारत सुरक्षित असल्याच्या दाखल्यावरची माझी सही आधीच्या कागदांवरच्या सहीशी जुळत नाही, म्हणून सरकारी कार्यालयाने लेखी खुलासा मागवला आहे. मी तो एका ओळीत दिला: ‘उजव्या हातास दुखापत झाल्याने सही डाव्या हाताने केली आहे.’

दुखापत हा शब्द बरोबर नाही. हात दुखत नाही. त्याला काहीच होत नाही. चहाचा कप गरम आहे की गार, हे मला तो डाव्या हातात घेतल्यावर कळतं. डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या, नसांची तपासणी केली आणि सगळं व्यवस्थित आहे असं सांगितलं. माउस आता डाव्या हाताने चालवते. सवय झाली.

दर रविवारी सविताताईंना फोन करते. त्या वसतिगृहाच्या गृहमाता. मी विचारते, ‘‘खाटा सरळ आहेत ना?’’ त्या म्हणतात, ‘‘सरळ आहेत, मॅडम.’’ एवढंच बोलणं होतं.

कार्यालयाला एक ओळ पुरली. बाकीचं इथे लिहून ठेवते. पुढच्या वेळी कुणी कारागीर माझ्याकडे रेलिंगचा एक गज जादा मागेल, तेव्हा मी त्याला भाषण देऊ नये, म्हणून.

२

आमचं आर्किटेक्टचं ऑफिस शरणपूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर. आशा मॅडम, संतोष आणि मी. मॅडम तीस वर्षं घरं काढतायत. संतोष माझ्या आधी दोन वर्षं लागला आणि सॉफ्टवेअरमध्ये माझ्याहून हुशार आहे, हे तो दिवसातून एकदा सांगतो. काम बहुतेक बंगल्यांचं, नाहीतर दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत शनिवार-रविवार घालवणाऱ्यांच्या फार्महाउसचं. मी दीड वर्ष कुरकुरत होते, की स्विमिंग पुलाच्या फरशा निवडायला मी पाच वर्षं शिकले नाही. पेठ रोडवरच्या एका आश्रमशाळेचं मुलींचं वसतिगृह आलं, तेव्हा मॅडम काही बोलायच्या आत मी ती फाइल उचलली.

चौतीस मुली होत्या. रोज संध्याकाळी दोन वर्गांतले बाक बाहेर काढायच्या, अंथरुणं घालायच्या, सकाळी बाक परत आत. पावसाळ्यात बाहेर काढलेले बाक भिजायचे आणि वर्गही गळायचे. आम्हाला वरचा मजला चढवायचा होता, एक मोठी झोपायची खोली आणि तिथवर जाणारा जिना. पंधरा जूनला शाळा उघडली की मुली वर जाणार, असं ठरलं होतं.

पहिल्या भेटीत शाळेच्या ओट्याला आडव्या पाइपांचं रेलिंग होतं. तिसरीतली एक मुलगी, चंद्रभागा, त्याला वाघळासारखी उलटी लटकली होती.

‘‘मॅडम, नव्या जिन्यावर असं लटकता येईल?’’

‘‘नाही. तिथे उभे गज असणार. लटकता येणार नाही, चढता येणार नाही, मधून डोकंही जाणार नाही. नव्या जिन्यावरून कुणीच पडणार नाही.’’

‘‘मग कशाला बांधताय?’’ ती उलटीच म्हणाली.

सविताताईंनी तिला कमरेला धरून सरळ केलं. ‘‘मॅडमनी शब्द दिलाय. ऐकलंस ना? मी पण ऐकला.’’

त्या जिन्यासाठी मी सगळ्यांशी भांडले. दोन गजांमधली फट नऊ सेंटिमीटरच्या आतच हवी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझा हट्ट होता. पायऱ्या वीस, पायरीला तीन गज. मधल्या लँडिंगवर सहा, वर कॉरिडॉरच्या तोंडाशी सहा. बहात्तर.

३

रेलिंगचं काम कारभारी मामांकडे दिलं. त्यांचं अंबडला वर्कशॉप आहे, एक गाळा आणि पुढे पत्रा. साठीचा माणूस, टेप गळ्यात अडकवलेला, पण माप आधी वितीने घेणार आणि मग टेपने खात्री करणार. मी आणि संतोष गेलो तेव्हा ते शटरवर खडूने आकडे लिहीत होते.

‘‘त्र्याहत्तर कापतो,’’ ते म्हणाले.

‘‘बहात्तर, मामा.’’

‘‘बहात्तर तुमचे. एक आमचा.’’

‘‘तुमचा कुठे बसणार?’’

‘‘बसनार नाय, उभा ऱ्हानार. काम चालू आसंपर्यंत पहिल्या पायरीला उभा ऱ्हातो. रेलिंग बसली का मी परत घेऊन जातो. तुमच्या बिलात नाय, हिशेबात नाय.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘वडील ठेवायचे.’’

संतोष माझ्याकडे बघून हसला. आता मी सुरू होणार हे त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, की मामा, ड्रॉइंगमध्ये जे आहे तेच साइटवर हवं, एक गजही इकडेतिकडे नको. मुलींच्या वाटेत मोकळं लोखंड उभं करून ठेवायचं, ते कुणाच्या अंगावर पडलं तर जबाबदार कोण? वडील करायचे म्हणून करायचं, याच कारणाने या जिल्ह्यात किती गोष्टी वर्षानुवर्षं चुकीच्या चालल्यात, हेही सांगितलं. बरंच बोलले मी.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘आवो, तुमच्या लग्नात कुनी पाकिटात वरचा एक रुपया घातला, तर फेकून देनार का?’’

‘‘फेकून देईन.’’

‘‘मंग नवरा पन तसलाच बघा,’’ मामा म्हणाले आणि संतोष खोकल्यासारखं करून बाहेर गेला. मामांनी शटरवरचा आकडा हाताने पुसला. नवा लिहायला मात्र खडू हातात धरून थोडा वेळ थांबले.

‘‘बगा, तुमी म्हनताय म्हनून,’’ ते म्हणाले, आणि बहात्तर लिहिलं.

४

दोन दिवसांनी, सोमवारी, मी मॉडेलमध्ये रेलिंग घातलं. आमचं सॉफ्टवेअर अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करतं. तुम्ही फक्त नियम द्यायचा, की इतक्या अंतरावर एक गज, इतकी उंची, आणि जिन्याची रेघ दाखवायची. गज ते स्वतः लावतं, शेवटी किती लागले त्याचा तक्ताही देतं.

तक्त्यात बहात्तर होते. चित्रात त्र्याहत्तर दिसत होते.

जादा गज पहिल्या पायरीवर होता. रेलिंगच्या ओळीत नव्हता, एक हात आत, पायरीच्या मधोमध. म्हणजे मुली चढतील तिथेच.

‘‘उरलेली लांबी भरतोय तो,’’ संतोष खुर्ची सरकवत आला. ‘‘पॅटर्न पूर्ण बसला नाही की शिल्लक जागेत एक चिकटवून देतो. तिथे ‘काही नको’ निवड.’’

निवडलं. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली, जिना परत उभा राहिला. जादा गज होताच.

‘‘मग लँडिंगपाशी रेघ तुटली असेल. पुन्हा काढ.’’

पुन्हा काढली. होताच. ‘‘एवढं येत नाही आणि म्हणे वसतिगृह,’’ संतोष म्हणाला आणि जेवायला गेला.

मी त्या गजावर क्लिक केलं. या सॉफ्टवेअरमध्ये एकच गज निवडता येत नाही, पूर्ण रेलिंग निवडलं जातं. रेलिंग निळं झालं. तो गजही निळा झाला, पण मागाहून. डोळ्याला जेमतेम कळेल इतक्या उशिरा.

मग उंची मोजली. माझे गज पायरीपासून नव्वद सेंटिमीटर. हा एकशे अठरा. वरच्या दांड्याला तो कुठेही जोडलेला नव्हता. नुसता उभा होता.

५

मला अडलेली गोष्ट तशीच सोडून उठता येत नाही. घरचे याला हट्ट म्हणतात. त्या बुधवारी दुपारी मी ते रेलिंग अकरा वेळा काढलं आणि अकरा वेळा घातलं. नियम बदलून पाहिले, गजाचा आकार बदलला, एकदा पूर्ण जिनाच उडवून नवा केला. दर वेळी स्क्रीन पांढरी व्हायची आणि त्र्याहत्तर गज परत यायचे. मी नीट बघतही नव्हते. पुसायचं, घालायचं, मोजायचं.

मध्ये वीज गेली. यूपीएस वाजायला लागला, पंखे थांबले, आणि आमच्या इमारतीच्या जिन्यावरून कुणीतरी रेलिंगवर हात ओढत वर येताना ऐकू आलं. लहान पोरं ओढतात तसा. टण, टण, टण. मला वाटलं कुरिअर. मी रबर स्टँप काढून ठेवला. आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत आला आणि थांबला. दाराशी कुणी आलं नाही.

‘‘कुणी आलं का गं?’’ आशा मॅडमनी केबिनमधून विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मला वाटलं आलं.’’

वीज आली. आपण कुठवर आलो ते पाहावं म्हणून मी फाइलच्या जुन्या प्रती उघडल्या. सॉफ्टवेअर आपोआप प्रती ठेवत असतं. एकेक चित्र शेजारी शेजारी लावलं.

सोमवारच्या पहिल्या प्रतीत तो पहिल्या पायरीवर होता. ‘काही नको’ नंतर दुसऱ्या. रेघ पुन्हा काढल्यावर तिसऱ्या. मग आजचे अकरा: चौथी, पाचवी, सहावी, असं करत दहावी. एकदा लँडिंगवर. मग अकरावी, बारावी, तेरावी.

मी काढत नव्हते त्याला. मी प्रत्येक वेळी त्याला एक पायरी चढवत होते.

आणखी एक गोष्ट दिसली. गज चौकोनी होते, चारही बाजू पायरीला समांतर. पहिल्या प्रतीत हाही तसाच होता. पुढे पुढे तो स्वतःभोवती किंचित फिरत गेला होता. चौकोनी गजाला पुढची बाजू नसते. हे मी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं. तेराव्या पायरीवर तो इतका फिरला होता, की त्याची एक धार सरळ पडद्याबाहेर, माझ्याकडे होती.

६

जे पुन्हा पुन्हा घडतं त्याला कारण असतं, हे मी शाळेपासून मानत आलेय. म्हणून कोरी फाइल घेतली. जुन्यातलं काहीही न उचलता जिना नव्याने काढला. तो चौदाव्या पायरीवर आला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. पंधरावी. मॅडमच्या कॉम्प्युटरवर केलं, सोळावी. कॉलेजातल्या मैत्रिणीला नुसती मापं पाठवली आणि तिच्याकडे पुण्याला करून बघ म्हटलं. तिने चित्र पाठवलं, खाली लिहिलं होतं, ‘छान झालाय, फक्त सतराव्या पायरीवर काहीतरी राहिलंय बघ.’

मी नंतर एकदाच करून पाहिलं. अठरावी. मग हात मांडीवर ठेवून बसले. वीस पायऱ्या, पुढे कॉरिडॉर, पुढे दार. दाराच्या आत चौतीस खाटा मीच मांडल्या होत्या, सतरा आणि सतरा.

दुसऱ्या दिवशी एकटीच अंबडला गेले. मामा ग्राइंडरवर गजाची धार मारत होते. ठिणग्या पायांवर पडत होत्या, त्यांना त्याचं काही नव्हतं. मी सॉफ्टवेअरचं काहीच बोलले नाही. काय बोलणार होते? फक्त म्हटलं, ‘‘मामा, तो एक जादा गज करा. माझं चुकलं.’’

त्यांनी वर न बघता विचारलं, ‘‘कितव्या पायरीवर हाय?’’

रस्त्यावरून टेम्पो गेला. मी म्हटलं, ‘‘अठराव्या.’’

मामांनी ग्राइंडर बंद केला. चाक बराच वेळ फिरत राहिलं.

‘‘मंग आता हात लावू नका. जितं हाय तितं ऱ्हाऊ द्या.’’

‘‘आणि आत्ता गज उभा केला तर?’’

‘‘तो आदी उभा करत्यात. पहिल्या पायरीला कोनतरी उभं हाय म्हनल्यावर दुसरं येत नाय. आता वर गेल्यावर खाली उभा करून काय उपेग?’’

‘‘पण आहे काय ते, मामा?’’

‘‘मला काय म्हाईत?’’ ते चिडून म्हणाले. ‘‘आमी कदी इचारलंच नाय. आमच्यावर इचारायची पाळीच आली नाय.’’

७

मी हात लावला नाही. पण ड्रॉइंग तर द्यायचं होतं. नकाशात जिथे तो गज दिसत होता तिथे मी एक पांढरा चौकोन टाकला. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते, खालचं झाकून टाकायची. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला जन्मभर ऐकवलं असतं. मॅडमना सांगितलं नाही. संतोषलाही नाही. काय सांगायचं हे सुचलं नाही, आणि खरं तर लाजही वाटली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात साइटवर रेलिंग बसलं. मी नऊ सेंटिमीटरचा चेंडू घेऊन गेले आणि प्रत्येक फटीला लावून पाहिला. एकीतूनही गेला नाही. अठराव्या पायरीवर काही नव्हतं. मी तिच्यावरून मात्र भिंतीला घासून गेले. पंधराला शाळा उघडली. मुली आपापल्या वळकट्या डोक्यावर घेऊन वर राहायला गेल्या. सविताताईंनी फोनवर मुलींचा गोंगाट ऐकवला. एवढी मजा मी दीड वर्षात ऐकली नव्हती.

त्या गुरुवारी तीन दिवसांनी दिंडोरीच्या साइटवरून ऑफिसात परत आले, तर संतोष माझ्या खुर्चीत बसला होता.

‘‘पार्टी दे,’’ तो म्हणाला. ‘‘तुझा जिना साफ केला.’’

‘‘काय केलंस?’’

‘‘दाखल्यासोबत मॉडेल द्यायचंय ना, म्हणून परवा उघडलं. बघतो तर तुझा तो जादा गज तसाच. वर पांढरं ठिगळ! तू? मी म्हटलं हर्षाली आजारी आहे की काय. बसलो आणि काढला. हट्टी होता हं, पाच वेळा करावं लागलं. पण गेला.’’

आमच्याकडे कुणाचीही फाइल कुणीही उघडतं. त्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्याला सांगितलं असतं तर त्याने उघडली नसती.

मी बोटांवर मोजलं. एकोणीस. वीस. कॉरिडॉर. दार. पाचव्यांदा.

तक्त्यात बहात्तर होते, चित्रात बहात्तर होते. मी मॉडेलमधली झोपायची खोली उघडली. खाटा, खिडक्या, पंखे. काही नव्हतं. प्रत्येक खोली उघडून पाहिली, मोऱ्यासुद्धा.

मला भीती वाटायला हवी होती. मी तिची वाट पाहिली. संतोषने चहा मागवला होता, तो मी घेतला, बिस्किटही घेतलं. मग गॅलरीत जाऊन मामांना फोन लावला.

‘‘मामा, तो आता पायरीवर नाही.’’

पलीकडे कुणीतरी लोखंडावर लोखंड टाकलं.

‘‘पोरी वर ऱ्हायला गेल्या?’’

‘‘सोमवारी.’’

‘‘उद्या दुपारी येतो,’’ मामा म्हणाले. ‘‘तुमी बी या.’’

८

शुक्रवारी मी पोचले तेव्हा मुली खाली पटांगणात जेवायला बसत होत्या. सविताताईंच्या हातात दाखल्याचा कागद होता. जिना आणि वरचा मजला वापरास सुरक्षित आहे, असा. त्यावर माझी सही झाली नाही तर मुलींना पुन्हा वर्गांत आणावं लागणार होतं, आणि वर्ग गळत होते.

‘‘एक बारीकसं दाखवायचंय,’’ त्या म्हणाल्या. आम्ही वर गेलो. मी पायऱ्या मोजल्या नाहीत.

खोली स्वच्छ होती. उजवीकडच्या ओळीत सतरा खाटा समान अंतरावर. डावीकडेही सतराच, पण तिसऱ्या आणि चौथ्या खाटेत एक माणूस उभा राहील इतकी जागा सुटलेली, बाकीच्या खाटा एकमेकींना चिकटून.

‘‘मी रोज सरळ करते. सकाळी परत अशाच. कुणी केलं विचारलं तर सगळ्या गप्प. फाजीलपणा म्हणावा तर या वयात चौतीस पोरी एका गोष्टीवर गप्प बसतात का, मॅडम?’’

चंद्रभागा ताट विसरली होती, ते घ्यायला पळत वर आली. तिची खाट डावीकडची पाचवी. ओळीच्या कडेने सरळ पळत गेली असती तर चार पावलं वाचली असती. ती त्या रिकाम्या जागेपाशी आल्यावर हळू झाली, बाहेरून वळसा घातला आणि मग पुन्हा पळाली. कुणी बसलेलं असलं की आपण पाय लागू नये म्हणून जातो, तशी.

‘‘तिथे काय आहे गं?’’ मी विचारलं.

तिने सविताताईंकडे पाहिलं. ‘‘काही नाही.’’

‘‘भीती वाटते?’’

‘‘आधी वाटायची. जिन्यात असायची तेव्हा. चढताना अंगाला लागायची.’’ तिने ताट छातीशी धरलं. ‘‘आता उभी राहते नुसती. थंड आहे. तुम्ही म्हणाल्या होत्या ना, कुणीच पडणार नाही?’’

‘‘हो.’’

‘‘ती पण नाही ना पडणार?’’

आणि ती गेली.

ढग जरा बाजूला झाले होते. खिडकीच्या आठ गजांच्या आठ सावल्या फरशीवर तिरक्या पडल्या होत्या. मी त्या मोजल्या, दुसरं काय करणार. नऊ होत्या. नववी खिडकीपासून येत नव्हती. ती खाटांमधल्या मोकळ्या जागेत सुरू होऊन माझ्या चपलेपर्यंत आली होती. आठही सावल्या एका दिशेने झुकल्या होत्या. ती झुकलेली नव्हती. तिचं टोक माझ्याकडे होतं.

‘‘मॅडम, सही?’’ सविताताई म्हणाल्या.

‘‘खाली जाऊन करते,’’ मी म्हटलं. माझाच आवाज मला कुणीतरी वाचून दाखवल्यासारखा ऐकू आला.

९

मामा पहिल्या पायरीपाशी उभे होते. मोटरसायकलला बांधून आणलेला गज त्यांनी पायरीवर उभा धरला होता. रंग न दिलेला, नुसता घासलेला, उन्हात पांढरा दिसत होता.

‘‘किती उंच कापू ते तुमी सांगितलंच नाय,’’ ते म्हणाले. ‘‘मी आपला अंदाजानं कापला.’’

मी उंची विचारली नाही. तो माझ्या छातीपर्यंत येत होता.

‘‘उपयोग होईल?’’

‘‘म्हाईत नाय. एवढ्या उशिरा कुनी केला नाय आजवर. कुनीतरी धरून उभं ऱ्हावं लागल. वेल्डिंग नाय करायची, नुसता धरायचा. मी धरतो, तुमी जावा पोरींकडं.’’

‘‘नको मी म्हटलं होतं, मामा. मी धरते.’’

मग त्यांनी गज हातातून सुटू न देता माझा उजवा हात त्याच्यावर ठेवला, वर आपला ठेवला, आणि हळूच आपला काढून घेतला. ‘‘वाजला तरी सोडू नका,’’ ते म्हणाले. ‘‘मान वर करू नका. पायरीकडं बघा.’’

पटांगणात मुली श्लोक म्हणून जेवायला लागल्या. सविताताईंनी दोन ओळींतून चालत मोजलं आणि म्हणाल्या, ‘‘चौतीस. सगळ्या आहेत.’’ म्हणजे वर कुणीच नव्हतं.

गज थंड होता. मी पायरीकडे बघत होते. मीच निवडलेली शहाबादी फरशी, पुढच्या कडेला मीच मारायला लावलेल्या तीन खाचा, पाय घसरू नये म्हणून.

वरून आवाज आला.

टण.

मग दुसरा. कुणीतरी एकेका गजावर हात लावत यावं तसा, घाई न करता. कॉरिडॉरच्या तोंडाचे सहा झाले. मग तीन, आणि थांबणं. तीन, आणि थांबणं. मी मोजत होते. कारभारी मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, एवढं मला खाली बघतानाही दिसत होतं. छत्तीसनंतर लँडिंगचे सहा आले, आणि मग बराच वेळ काही नाही. पटांगणात कुणीतरी भात जास्त मागितला. मला वाटलं, संपलं.

त्रेचाळीस.

मनगटापासून वर काहीतरी शांत होत चाललं होतं. बोटं दिसत होती, गजाभोवती घट्ट होती, पण ती कुणाची आहेत हे आतून कळत नव्हतं. सोडावंसं वाटलं नाही. धरावंसंही वाटलं नाही. चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. तीन पायऱ्यांवर. दोन. फरशीवर, माझ्या सावलीच्या शेजारी, एक बारीक सावली सरळ येऊन उभी राहिली.

एकोणसत्तर. थांबणं.

सत्तर. एकाहत्तर.

बहात्तरावा गज वाजला.

मग माझ्या हातातला.